वरची वीतभर माती

उत्तर अल्बर्टातल्या ॲस्पेनच्या रानात हातभर खोल खड्डा खणला, की मातीचे थर एकाखाली एक स्वच्छ दिसतात. सगळ्यांत वर पडलेली पाने, स्प्रूसच्या सुया आणि शेवाळ. त्याखाली बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी गुंफलेला अर्धवट कुजका पाचोळा आणि त्याखाली बोटाला काळा लागणारा, पुरता कुजलेला थर. हे सगळे मिळून जेमतेम पाच-दहा सेंटिमीटर भरते. मग राखेच्या रंगाची फिकट माती, पाण्याबरोबर खाली उतरलेली चिकण धरून बसलेला घट्ट तपकिरी थर आणि तळाशी हिमयुगाने मागे टाकलेली दगडगोट्यांची सरमिसळ. आणखी कित्येक मीटर खाली डांबराने माखलेली वाळू लागते. कॅनडाचे तेल त्या वाळूत आहे, पण रान उभे आहे ते वरच्या वीतभर मातीवर. वाळू काढायची तर ही माती आधी हलवावी लागते. हलवलेल्या मातीचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या साठ वर्षांत अनेकदा बदलले. दर वेळी जपायचा थर अधिक पातळ झाला आणि निर्णय घेण्याची वेळ आणखी आधीची ठरली. हा त्या बदलांचा मागोवा आहे.

डांबर तिथल्या लोकांना नवे नव्हते. अथाबास्का नदीच्या काठचे कडे उन्हाळ्यात तापले की ते आपोआप पाझरते. क्री आणि डेने लोक ते स्प्रूसच्या डिंकात मिसळून होड्यांचे सांधे बुजवत. १७१९ साली वापिसिव नावाच्या क्री माणसाने त्याचा नमुना हडसन्स बे कंपनीच्या यॉर्क फॅक्टरी या ठाण्यावर नेऊन दिला. पण वाळूपासून डांबर सोडवण्याची व्यवहारी रीत हाती यायला दोनशे वर्षे लागली. कार्ल क्लार्क या शास्त्रज्ञाने गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा वापरून ती बसवली आणि १९२९ मध्ये तिचे पेटंट मिळवले. सोड्याने डांबर सुटते, पण त्याच सोड्याने चिकणमातीचे बारीक कण पाण्यात असे विखुरतात की ते दशकानुदशके तळाशी बसत नाहीत. खाणीभोवतीचे गाळाचे अवाढव्य तलाव या रीतीतूनच जन्माला आले. पहिल्या मोठ्या खाणीचे काम सुरू झाल्यावर क्लार्क ते पाहायला गेला होता. उघडी पडलेली जमीन पाहून त्याचे मन इतके खट्टू झाले की पुन्हा तिथे जायची इच्छा उरली नाही, असे त्याच्या मुलीने सांगून ठेवले आहे. डिसेंबर १९६६ मध्ये तो वारला. ३० सप्टेंबर १९६७ रोजी ग्रेट कॅनेडियन ऑइल सँड्स ही खाण रीतसर सुरू झाली. तीच पुढे सनकोर झाली.

त्या काळी माती म्हणजे वाळूवरचा बोजा, एवढाच हिशेब होता. खाणकामाच्या भाषेत खनिजावर जे जे आहे ते सगळे ओव्हरबर्डन: झाडांची मुळे, पाचोळा, पीट, चिकण, शेल, सगळे एका नावाखाली आणि बहुधा एकाच ढिगात. अल्बर्टाचा पहिला कायदा, १९६३ चा सरफेस रिक्लमेशन ॲक्ट, मुळात दक्षिणेकडच्या शेतकऱ्यांच्या तक्रारींतून आला होता. तेलविहिरी खणून कंपन्या निघून जात आणि शेतात खड्डे, लोखंड आणि चिखल उरे. जमीन साफ करून द्या, ही त्या कायद्याची मुख्य मागणी होती. गव्हाच्या शेतासाठी ती पुरेशी होती. उत्तरेच्या रानाचा विचार त्यात नव्हता, कारण तिथे तक्रार करणारा जमीनमालक नव्हता. जमीन सरकारची होती आणि तिच्यावर शिकार करणाऱ्या, फळे वेचणाऱ्या क्री, डेने आणि मेटी लोकांना कोणी विचारले नव्हते.

पुनर्स्थापनाची पहिली खटपट झाली ती जमीन परत मिळवायला नव्हे, बांध टिकवायला. अथाबास्काच्या अगदी काठावर टार आयलंड डाइक नावाचा गाळ अडवणारा बंधारा वर्षागणिक उंच होत होता. तो वाळूचाच असल्याने पावसाने ओघळ पडत. ते थांबवायला त्याच्या उतारावर थोडे पीट पसरून गवत आणि शेंगवर्गीय चारा पेरला गेला. गवत जोमाने आले, उतार टिकला. मग त्या गवतात झाडांची रोपे लावली तेव्हा खरी अडचण कळली. दाट गवत रोपांच्या वाट्याचे पाणी आणि ऊन खाई. हिवाळ्यात गवताच्या आडोशाला बर्फाखाली रानउंदीर वाढत आणि रोपांच्या बुंध्याची साल गोलाकार कुरतडून टाकत. धूप थांबवणे आणि रान उभे करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला बाधू शकते, हा धडा त्यातून मिळाला. पुढे टिकाऊ गवताऐवजी एका हंगामात संपणारे बार्ली पेरायची पद्धत आली, ती याच अनुभवातून.

१९७३ च्या लँड सरफेस कन्झर्वेशन अँड रिक्लमेशन ॲक्टने एक मोठी गोष्ट केली: जमिनीला हात लावण्याआधी ती परत कशी उभी करणार याचा आराखडा मंजूर करून घेणे भाग पाडले. माझ्या मते या सगळ्या वंशावळीतला हा खरा मूळपुरुष. तोवर पुनर्स्थापन हे खाणीच्या शेवटचे काम होते, इथून ते सुरुवातीचे झाले. सुपीक थर वेगळा काढून वेगळा ठेवायचा, हा विचार त्याच दशकात इतरत्रही कायद्यात उतरत होता. अमेरिकेने १९७७ मध्ये कोळशाच्या उघड्या खाणींसाठी तो सक्तीचा केला. आपल्याकडेही १९८८ च्या खनिज संवर्धन आणि विकास नियमांत वरची माती वेगळी काढून पुनर्स्थापनासाठी वापरावी, असे स्पष्ट लिहिलेले होते. गोव्याच्या खाणींना हाच नियम लागू होता.

पण अथाबास्काच्या खोऱ्यात वरची माती म्हणजे नेमकी कोणती? इथे निम्म्याहून अधिक जमीन पाणथळ आहे. तिच्यावर पीट साठलेले असते, म्हणजे पाण्यामुळे नीट न कुजता हजारो वर्षे थरावर थर चढत गेलेले शेवाळ आणि गवत. वाळूपर्यंत पोचायला ते काढावेच लागते, शिवाय ते मुबलक असते. उलट डांबर धुऊन उरलेल्या वाळूत ना सेंद्रिय अंश, ना पाणी धरण्याची ताकद. मग पीट आणि त्याखालची खनिज माती एकत्र खरवडून ते मिश्रण नव्या जमिनीवर पसरायचे, ही रीत पडली. १९७८ मध्ये सुरू झालेल्या सिंक्रूडच्या खाणीतही तीच रुळली आणि दोन-तीन दशके या प्रदेशात माती वाचवणे म्हणजे पीट वाचवणे, असेच समीकरण राहिले.

हे काम हिवाळ्यात चालते. आधी दलदलीत चर खणून दोन-तीन वर्षे पाणी निथळू देतात. झाडे तोडून नेतात. मग जमीन खोलवर गोठण्याची वाट पाहतात, कारण न गोठलेल्या पीटवर डोझर आणि डंपर रुततात. उणे वीस-तीस अंशांत डोझर गोठलेले पीट फोडतो. ढेकळे खडकासारखी निघतात, त्यांत काळ्या पीटबरोबर राखाडी चिकणीचे तुकडे चिकटलेले असतात आणि ती तशीच डंपरमध्ये भरली जातात. वसंतात ती वितळल्यावरच पीट किती आणि माती किती याचा खरा अंदाज येतो.

पीटचे हे आवरण किती जाड हवे, यावर बराच काळ अंदाजच चालत होते. प्रश्न गंभीर होता, कारण वाळूवरच्या थरांत क्लियरवॉटर नावाचा सागरी शेल आहे. क्रिटेशस काळातल्या समुद्राचे मीठ त्यात अजून आहे. खणून काढलेल्या शेलचे डोंगर उभे राहिले की पावसाने ते मीठ सुटते आणि हळूहळू वर चढते. सिंक्रूडच्या साउथ बायसन हिल या शेलच्या टेकडीवर १९९९ मध्ये तीन शेजारी पट्टे तयार केले गेले: एकावर ३५, दुसऱ्यावर ५० आणि तिसऱ्यावर १०० सेंटिमीटर मातीचे आवरण. प्रत्येकात वर पीटचे मिश्रण आणि खाली हिमनदीची माती. सस्कॅचेवान विद्यापीठाच्या ली बार्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे वर्षानुवर्षे ओल आणि क्षार मोजले. पातळ आवरणात कोरड्या उन्हाळ्यात झाडांना पुरेल इतके पाणी साठत नाही आणि मीठ मुळांच्या जवळ येते. मीटरभर आवरण मात्र एका हंगामाची ओल दुसऱ्यापर्यंत पोचवू शकते. असली चिकाटीची मोजणी कुणाच्या नजरेत भरत नाही, पण खारट शेलवर मीटरभर आवरण घालण्याची पद्धत अशा मोजण्यांवर उभी आहे.

या पर्वाचे दृश्य फळ म्हणजे सिंक्रूडची गेटवे हिल. ओव्हरबर्डनच्या या टेकडीवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला माती पसरून झाडे लावली होती. मार्च २००८ मध्ये तिला सरकारचा पुनर्स्थापनाचा दाखला मिळाला. तेल-वाळूच्या खाणकामाला चाळीस वर्षे झाल्यावर मिळालेला हा पहिला दाखला होता आणि तो १०४ हेक्टरांचा होता. तिथे आज चांगले स्प्रूस उभे आहेत आणि त्या कामाचे मोल कमी करायचे कारण नाही. पण त्या जागी पूर्वी सखल पाणथळ होती आणि आता टेकडी आहे, हेही तितकेच खरे. शिवाय तिच्या पोटात गाळ नव्हता, म्हणजे सोप्यात सोपी जागा ती होती. पुढची अनेक वर्षे प्रमाणित जमिनीचा सरकारी आकडा या १०४ हेक्टरांच्या पुढे सरकला नाही. दरम्यान खणलेल्या जमिनीचा पसारा हजार चौरस किलोमीटरच्या घरात गेला.

टेकडीला दाखला आणि दलदलीचा हिशेबच नाही, असे का झाले? कारण मापच तसे होते. १९९३ मध्ये अमलात आलेल्या पर्यावरण कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी जमीन हुबेहूब पूर्वीसारखी करण्याची अट घातली नाही. आधी तिची जी क्षमता होती तिच्या तोडीची क्षमता परत आणा, असे सांगितले. तत्त्व रास्त आहे. पण ही क्षमता मोजायला जी वर्गवारी वापरली गेली ती वनउत्पादनाची होती. लाकूड चांगले येईल ती जमीन वरच्या वर्गात, पाणथळ तळाच्या वर्गात. या मापाने दलदल जाऊन स्प्रूसची टेकडी आली तर कागदावर जमीन सुधारलीच म्हणायची. फोर्ट मॅके या तिथल्या वस्तीतल्या लोकांना त्या जमिनीवर मूस हवा होता, ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी हव्या होत्या, औषधी मुळ्या हव्या होत्या. यातले काहीच त्या तक्त्यात बसत नव्हते. मला या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली चूक हीच वाटते. मोजपट्टी चुकली की प्रामाणिक कामही चुकीच्या दिशेने जाते.

पाचोळ्याकडे लक्ष गेले ते या पुढच्या टप्प्यात. पीटच्या मिश्रणावर लावलेली झाडे वाढत होती, पण त्यांच्याखाली रान येत नव्हते. झुडपे, वेली, रानफुले, शेवाळ सगळेच विरळ. कारण उघड होते: पीट दलदलीतले, त्यात कोरड्या जमिनीवरच्या झाडांचे बीज नसते. नत्र भरपूर, पण स्फुरद आणि पालाश कमी. कोरड्या रानाचे बीज असते ते रानाच्याच पाचोळ्यात आणि त्याखालच्या काही सेंटिमीटरमध्ये. अल्बर्टा विद्यापीठाच्या ॲन नेथ आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी किती खोल खरवडायचे आणि किती जाड पसरायचे, याचे प्रयोग केले. जास्त खोल गेले की बिया आणि मुळ्या खालच्या निर्जीव मातीत पातळ होऊन जातात. फार वर राहिले तर मुळ्या मागेच राहतात. नीट काढलेला थर पसरला की ॲस्पेनचे कोंब तुटक्या मुळ्यांतून वर येतात, रानगुलाब आणि रासबेरी न लावता उगवतात. हा थर विरजणासारखा आहे: थोडा लागतो, पण ताजा आणि जिवंत लागतो.

ताजेपणाची ही अट सगळ्या नियोजनाला हलवून गेली. माती खरवडून मोठ्या ढिगात घातली की आतला भाग हवेविना गुदमरतो. काही महिन्यांतच बहुतेक बिया मरू लागतात आणि बुरशीचे जाळे संपते. वीस वर्षांनी उघडलेल्या ढिगात मातीचे वजन तेवढेच असते, जीव नसतो. म्हणून ढीग टाळा, आज काढलेली माती आजच तयार जागेवर पसरा, हे उत्तम. पण त्यासाठी एकीकडे नवे रान खणायला घेताना दुसरीकडे जुन्या खाणीचा एखादा भाग भरून, आकार देऊन, पाण्याच्या वाटा पाडून माती घ्यायला सज्ज हवा. खाणीच्या पहिल्या दशकांत असा भाग बहुधा नसतोच. सगळे खड्डे उघडे, सगळे तलाव भरत असलेले.

म्हणून आजच्या नियोजनाची सुरुवात डोझरपासून होत नाही, नकाशापासून होते. रानात जागोजागी खड्डे घेऊन थरांची जाडी, रंग, पोत, क्षार नोंदवतात. त्यावरून कुठे पाचोळ्याचा थर किती खोल काढायचा, खालची पोटमाती किती, पीट किती, याचा नकाशा होतो. मग वर्षवार ताळेबंद: कोणत्या साली किती माती निघेल, कोणत्या साली कुठे किती लागेल, मधल्या काळात ती कुठे राहील. पाचोळ्याची माती, पोटमाती आणि पीट वेगवेगळ्या ढिगांत, पाट्या लावून. तोडलेल्या झाडांच्या फांद्या आणि ओंडके पूर्वी जाळून टाकत. आता ते मातीवर पसरतात, कारण त्यांच्या सावलीत ओल टिकते आणि बुरशीला आसरा मिळतो. प्रत्यक्ष खरवडताना मातीची जाण असलेला माणूस डोझरच्या कडेने चालत रंग पाहतो. काळपट तपकिरी जाऊन राखाडी दिसू लागले की थोडक्यात थांबायचे. वीस सेंटिमीटरचे पाते असलेल्या नव्हे, काही मीटर रुंद पात्याच्या यंत्राने बोटभर फरक सांभाळायचा असतो. कितीही चांगला आराखडा असला तरी शेवटी तो त्या चालकाच्या हातात असतो आणि त्याला घाई असेल तर वाचवलेल्या मातीतला जीव त्या दुपारीच कमी होतो.

पण पैशाचे काय? माती वेगळी काढणे, साठवणे, परत आणणे याचा खर्च तेल विकून झाल्यावर यायचा असतो. अल्बर्टाच्या महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात दाखवून दिले, की खाणी पूर्ववत करण्याचा अंदाजे खर्च २०.८ अब्ज डॉलर असताना सरकारकडे हमी म्हणून फक्त १.५७ अब्ज डॉलर जमा होते. उरलेली भिस्त न काढलेल्या तेलाच्या किमतीवर. ही व्यवस्था मला धोक्याची वाटते, कारण तेलाचा भाव कोसळला की हमीही त्याच्याबरोबर कोसळते.

गाळाच्या तलावांबाबतही काही घडले आहे. सनकोरचा १९६७ पासूनचा पहिला तलाव २०१० मध्ये वाळूने भरून, त्यावर सुमारे अर्धा मीटर माती घालून, सहा लाखांहून अधिक झाडे-झुडपे लावून कोरडी जमीन झाला. २२० हेक्टरांच्या या जागेला त्या वापिसिवचेच नाव दिले आहे. पण तिथला न बसणारा पातळ गाळ आधी उपसून दुसऱ्या तलावात नेला होता, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट पूर्ण होत नाही.

सर्वांत अवघड शाखा शिल्लक राहते: पाणथळ पुन्हा घडवणे. सनकोरने वॉटरलू विद्यापीठाच्या जोनाथन प्राइस यांच्या आराखड्यावर निकानोटी ही पाणथळ २०१३ मध्ये तयार केली. सुमारे तीन हेक्टर जागेत दोन मीटर पीट आणि त्याला भूजल पुरवायला बाजूला तिच्या दुपटीहून मोठी वाळूची चढण. सिंक्रूडने खाणीच्या गाळ भरलेल्या खड्ड्यावर सँडहिल फेन ही पाणथळ उभारली. दोन्ही ठिकाणी ताजे पीट वापरले, दोन्ही ठिकाणी झाडे आली, शेवाळही दिसले आणि दोन्ही ठिकाणी खालून येणाऱ्या क्षारांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. मोठ्या मेहनतीचे, खरोखर हुशारीचे काम आहे हे. पण रेबेका रूनी, सुझान बेली आणि डेव्हिड शिंडलर यांनी २०१२ मध्ये हिशेब मांडला की तेव्हा मंजूर झालेल्या दहा खाणींमुळे २९ हजारांहून अधिक हेक्टर पीटची जमीन कायमची जाणार आहे. तीन हेक्टरांचा प्रयोग आणि हा आकडा शेजारी ठेवून पाहावा. पीट वर्षाला फार तर मिलिमीटरभर वाढते, आणि आणून ओतलेले पीट स्वतः वाढायला लागले का, हे ठरायलाच एक पिढी जाईल.

आणि तरीही पुढचा निर्णय समोर आहे. फोर्ट मॅकमरे या तिथल्या शहराच्या उत्तरेला मॅक्लेलँड सरोवराची पाणथळ आहे. तिथल्या पीटमध्ये हजारो वर्षांत पाणी आणि शेवाळ यांचे आळीपाळीचे पट्टे तयार झाले आहेत, विमानातून ते स्पष्ट दिसतात. २००२ मध्ये फोर्ट हिल्स खाणीला मंजुरी देताना या पाणथळीच्या एका भागात खोदकामाची मुभा दिली गेली. उरलेला भाग वाचवण्यासाठी जमिनीखाली काही किलोमीटर लांबीची भिंत बांधून पाणी अडवायचे, अशी योजना आहे. भिंतीच्या एका बाजूचे पाणी हलवून दुसरी बाजू जशीच्या तशी राहील यावर विश्वास ठेवायला साठ वर्षांच्या या इतिहासात मला एकही दाखला सापडत नाही. माती वाचवण्याच्या विद्येने कोरडे रान बऱ्यापैकी परत आणता येते, हे दाखवले आहे. मॅक्लेलँडसारखे काही परत आणता येते, हे दाखवलेले नाही. ती पाणथळ पूर्णपणे खाणीच्या हद्दीबाहेर ठेवली पाहिजे.